गप्प बसणारा राखणदार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवी म्हटला की त्याची स्मरणशक्ती चांगली असणार, असं लोक गृहीत धरतात. माझ्या बाबतीत ते थोडंफार खरंही आहे. कविसंमेलनात मी वही उघडत नाही. आमच्या घराण्यात पाठांतराची सवय जुनी. माझे चुलत आजोबा हाफिज होते, म्हणजे सबंध कुराण त्यांना तोंडपाठ होतं. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जात्यावर बसली की ओवीमागून ओवी सुरू व्हायची आणि दळण संपलं तरी ओव्या संपायच्या नाहीत. अशा घरात जन्मलेल्या माणसाला आठ-दहा अक्षरांचा पासवर्ड लक्षात ठेवता येऊ नये, याची मला बरीच वर्षं लाज वाटायची. आता वाटत नाही. का वाटत नाही आणि लक्षात ठेवण्याऐवजी मी काय करतो, तेच आज सांगायचं आहे.

आधीच कबूल करतो की मी संगणकातला जाणकार नाही. कला शाखेचा पदवीधर, एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आणि उरलेल्या वेळात कवी. हा विषय मला माझ्या लेकीनं शिकवला. घरी आमची बोली दखनी, पण लेक मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे आमचे वाद मराठीत होतात. तिनं सांगितलेलं मी मुकाट्यानं ऐकलं, कारण त्याआधी मला एक फटका बसून गेला होता.

माझा पासवर्ड एकच होता. अम्मीचं नाव आणि पुढं माझं जन्मसाल. कुठं एखादं चिन्ह हवंच असा हट्ट असेल, तर शेवटी एक चिन्ह. शाळेच्या कामाचीच चार-पाच पोर्टल. एक पगाराचं, एक शिष्यवृत्तीचं, एक विद्यार्थ्यांच्या नोंदीचं. शिवाय घरची बँक, रेल्वेचं तिकीट, वीजबिल, ईमेल आणि पुस्तकं मागवण्याचं एक लहानसं संकेतस्थळ. सगळ्या कुलपांना एकच किल्ली. अम्मीचं नाव दिवसातून चार वेळा टाइप करायला मिळतं, याचं मला समाधानही वाटायचं.

२०१९ सालच्या एका सकाळी माझं ईमेल उघडेना. दुपारपर्यंत ओळखीच्या लोकांचे फोन सुरू झाले. माझ्या नावानं सगळ्यांना पत्र गेलं होतं की मी अडचणीत आहे, तातडीनं पैसे पाठवा. एका निवृत्त शिक्षकांनी पाच हजार रुपये पाठवलेही. ते मी नंतर त्यांना परत केले. ते घेत नव्हते, पण घ्यायला लावले. ईमेल हाती यायला एकोणीस दिवस लागले. आत पाहिलं तर मसुद्यांची पेटी रिकामी होती. मी कविता तिथंच लिहून ठेवत असे. चाळीसेक कविता होत्या. त्यातल्या अकरा मला पाठ होत्या, तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची एखाददुसरी ओळ अजून रात्री-अपरात्री आठवते आणि पुढची आठवत नाही.

हे झालं कसं, ते मला पुढं कळलं. आपली समजूत अशी असते की चोर आपल्या समोर बसून आपला पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न करतो. तसं क्वचितच होतं. चोर आधी एखादं ढिसाळ संकेतस्थळ फोडतो. तिथून ईमेलचा पत्ता आणि पासवर्ड यांच्या जोड्या हाती लागतात. मग एक छोटी संगणकप्रणाली त्याच जोड्या घेऊन दुसऱ्या शेकडो दारांवर फिरते. जिथं किल्ली लागेल तिथं दार उघडतं. माझ्या बाबतीत त्या पुस्तकांच्या संकेतस्थळावरून जोडी बाहेर गेली आणि ईमेलला लागली. म्हणजे आपला पासवर्ड कितीही अवघड असला, तरी तो दोन ठिकाणी वापरला की त्याची ताकद त्यातल्या दुबळ्या ठिकाणाएवढीच राहते.

पासवर्ड फुटण्याची गोष्ट पासवर्डाइतकीच जुनी आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एकच संगणक अनेकांनी वाटून वापरायची पद्धत सुरू झाली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं पासवर्ड आणला. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचा वेळ पुरेना, तेव्हा त्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची फाईलच छापून घेतली. पुढं २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीकडून सव्वातीन कोटींच्या आसपास पासवर्ड बाहेर पडले. ते तिथं साध्या, वाचता येईल अशा अक्षरांत ठेवलेले होते. त्यात सर्वांत जास्त लोकांनी निवडलेला पासवर्ड कोणता होता? एक ते सहा आकडे, ओळीनं. म्हणजे अम्मीचं नाव ठेवणारा मी तसा बराच कल्पक निघालो.

इथं मला कवी म्हणून एक गोष्ट उमगली. कविता लक्षात राहते, कारण तिच्यात अर्थ असतो, लय असते, एका शब्दाचा हात दुसऱ्या शब्दानं धरलेला असतो. पासवर्डाचं नेमकं उलट आहे. त्यात अर्थ आला की तो फुटला. आईचं नाव, जन्मसाल, गावाचं नाव, देवाचं नाव, आवडत्या गाण्याची ओळ, जे जे आपल्याला आठवतं ते ते दुसऱ्यालाही सुचू शकतं. चांगला पासवर्ड म्हणजे सोळा-वीस अक्षरांची निव्वळ खिचडी, आणि अशी खिचडी प्रत्येक ठिकाणी वेगळी. अशा पन्नास खिचड्या पाठ करणं माणसाचं काम नाही. हाफिजांनाही ते जमलं नसतं, कारण त्यांनी जे पाठ केलं त्यात अर्थ होता. तेव्हा लाज वाटण्याचं कारण नाही. ते काम यंत्राला द्यावं.

ते काम करणाऱ्या ॲपला पासवर्ड मॅनेजर म्हणतात. ईदच्या सुट्टीत लेक घरी आली होती. तिनं माझ्या फोनवर तो बसवला. एका बैठकीत समजण्यासारखं प्रकरण आहे.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे एक तिजोरी. तुमचे सगळे पासवर्ड तो सांकेतिक रूपात, कुलूपबंद ठेवतो. तिजोरीची किल्ली म्हणजे एक मुख्य पासवर्ड. तेवढा एकच तुम्ही लक्षात ठेवायचा. नवे पासवर्ड तो स्वतःच तयार करतो, स्वतःच साठवतो आणि लागेल तिथं स्वतःच भरतो. या शेवटच्या कामाला ऑटोफिल म्हणतात.

अँड्रॉइड फोनवर गुगलचा आणि आयफोनवर ॲपलचा पासवर्ड मॅनेजर मुळातच असतो. त्याची किल्ली तुमच्या गुगल किंवा ॲपल खात्याशी बांधलेली असते. वेगळं काही नको असेल त्यानं हाच वापरावा. एकाच पासवर्डावर सगळं चालवण्यापेक्षा तो कितीतरी चांगला. स्वतंत्र तिजोरी हवी असेल तर बिटवॉर्डन, वनपासवर्ड, कीपासच्या घराण्यातली ॲप असे पर्याय आहेत. मी बिटवॉर्डन घेतला. एक तर त्याचा साधा प्रकार फुकट आहे, आणि दुसरं म्हणजे त्याची प्रणाली उघड आहे, जाणत्यांना ती तपासता येते. कोणताही घ्या, पण ॲप फोनच्या अधिकृत दुकानातूनच घ्या, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको.

आता मुख्य पासवर्ड. इथं मी कवीचा अहंकार केला. म्हटलं, माझीच एक ओळ ठेवतो. लेक म्हणाली, "अब्बा, ती ओळ तुमच्या पुस्तकात छापलीय." मग तिनं सांगितलेली युक्ती केली. शब्द आपण निवडायचे नाहीत, कारण आपलं मन निवडायला लागलं की ओळखीचे, एकमेकांना चिकटलेले शब्दच निवडतं. १९९५ साली आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी डाइसवेअर नावाची पद्धत मांडली. ७,७७६ शब्दांची क्रमवार यादी, आणि लुडोचा फासा पाच वेळा टाकला की एक शब्द. मी घरगुती सोय केली. पत्नीला मनात येईल तो आकडा सांगायला लावला, शब्दकोशाचं ते पान उघडलं आणि न पाहता बोट ठेवलं. असे पाच शब्द घेतले. समजा शेवगा, तिकीट, आळस, कंदील, चुना. अर्थात हे माझे नव्हेत, आणि हे तुम्हीही घेऊ नका. पाच शब्दांचं एक वेडंवाकडं चित्र मनात उभं केलं की ते आठवडाभरात पाठ होतात. शब्द मराठी असले तरी टाइप रोमन अक्षरांत करावेत, म्हणजे कुठल्याही कीबोर्डवर अडचण येत नाही. स्पेलिंग मात्र एकदा ठरवलं की तेच ठेवायचं.

एक इशारा इथंच देतो. बिटवॉर्डनसारख्या स्वतंत्र तिजोरीचा मुख्य पासवर्ड कंपनीलाही माहीत नसतो. म्हणून तर ती तिजोरी सुरक्षित. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की तो विसरलात तर कंपनीसुद्धा तुम्हाला तो सांगू शकत नाही. यावरचा उपाय शेवटी सांगतो.

ॲप बसवलं, मुख्य पासवर्ड ठरवला, पण अजून ऑटोफिल सुरू झालेलं नसतं. फोनला सांगावं लागतं की यापुढं पासवर्ड भरायचं काम याच्याकडं. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१७ साली आठव्या आवृत्तीपासून आली. आयफोनमध्ये बाहेरच्या पासवर्ड मॅनेजरला ही परवानगी २०१८ साली बाराव्या आवृत्तीपासून मिळाली. अलीकडच्या अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये पासवर्ड, पासकी आणि खाती अशा नावाचा भाग असतो. तिथं पसंतीची सेवा म्हणून आपलं ॲप निवडायचं. कंपनीगणिक जागा बदलते, म्हणून सोपा उपाय सांगतो. सेटिंग्जच्या वर शोधायची चौकट असते, तिच्यात 'ऑटोफिल' किंवा 'पासवर्ड' लिहा, फोन स्वतः तिथं नेतो. नव्या आयफोनवर सेटिंग्ज, मग जनरल, मग ऑटोफिल आणि पासवर्ड असा रस्ता आहे. अँड्रॉइडवर क्रोम ब्राउझर वापरत असाल, तर क्रोमच्या सेटिंग्जमध्येही ऑटोफिल सेवा असा भाग असतो. तिथं दुसरी सेवा वापरण्याचा पर्याय निवडावा लागतो. मी तो निवडला नव्हता. त्यामुळे ॲपमध्ये ऑटोफिल चालायचं आणि ब्राउझरमध्ये नाही, आणि मी दोन दिवस फोनला नावं ठेवत होतो.

शेवटी बोटाच्या ठशानं तिजोरी उघडण्याची परवानगी द्यायची. मग रोजचा व्यवहार असा होतो. एखादं ॲप किंवा संकेतस्थळ उघडलं, नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं, की कीबोर्डच्या वर किंवा रकान्याखाली तुमच्या खात्याचं नाव दिसतं. त्यावर टेकवायचं, ठसा द्यायचा, नाव आणि पासवर्ड दोन्ही भरले जातात. पासवर्ड कॉपी करून चिकटवावा लागत नाही, त्यामुळे तो फोनच्या क्लिपबोर्डवर मागं राहत नाही. शेजारी बसलेल्याला तुमची बोटंही दिसत नाहीत.

सगळे पासवर्ड एका दिवसात बदलायला बसू नका. मी पहिल्या रविवारी फक्त ईमेलचा बदलला, कारण बाकी सगळ्या खात्यांचे नवे पासवर्ड ईमेलवरूनच मागवता येतात. ईमेल म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा. दुसऱ्या रविवारी बँक. त्यानंतर जे खातं उघडायची वेळ येईल त्याचा त्या त्या वेळी. मॅनेजरला नवा पासवर्ड तयार करायला सांगायचं, तो साठवला गेल्याची खात्री करायची, एकदा बाहेर पडून पुन्हा आत शिरून पाहायचं. दोन महिन्यांत माझे सव्वीस पासवर्ड झाले. त्यातला एकही मला पाठ नाही. अम्मीचं नाव आता कुठंच नाही. ते माझ्याजवळ आहे.

इथपर्यंत मी ऑटोफिलला एक सोय समजत होतो, टाइप करायचे कष्ट वाचवणारी. त्याचं खरं काम वेगळंच आहे, हे मला दोन वेळा तो गप्प बसला तेव्हा कळलं.

पहिली वेळ २०२५ सालची. रिझर्व्ह बँकेनं त्या वर्षी देशातल्या बँकांना सांगितलं की आपापल्या संकेतस्थळांचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीखाली आणा. मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ची होती. हेतू चांगला होता. ही शेपटी फक्त बँकांनाच मिळावी, म्हणजे ग्राहकाला खरी बँक ओळखता यावी. माझ्या बँकेचाही पत्ता बदलला. मला त्याचा पत्ता नव्हता! एके दिवशी संकेतस्थळ उघडलं आणि ऑटोफिल काही सुचवेना. मी चिडलो. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन विचारलं, तिथं नवा पत्ता फलकावर लावलेला होता. मग मॅनेजरमध्ये बँकेच्या नोंदीत तो नवा पत्ता घातला. ऑटोफिल पुन्हा बोलू लागलं.

दुसरी वेळ त्यानंतर काही आठवड्यांनी. लेक नर्सिंग शिकते. तिच्या फीचे पैसे त्याच खात्यात होते. शाळेत परीक्षेची धांदल चाललेली आणि फोनवर संदेश आला की तुमची केवायसी अपुरी आहे, आज रात्री खातं गोठवलं जाईल. खाली लिंक. मी ती दाबली. बँकेचं पान उघडलं. तोच रंग, तेच चिन्ह, सावधान राहा असं सांगणारी तीच पट्टीसुद्धा. रकान्यावर बोट ठेवलं. ऑटोफिल गप्प. मला वाटलं, पुन्हा पत्ता बदलला असणार, मागच्यासारखंच. मी मॅनेजर उघडला, पासवर्ड कॉपी केला आणि चिकटवण्यासाठी परत त्या पानावर आलो.

तिथं लेकीचं वाक्य आठवलं. ईदला ती म्हणाली होती, "अब्बा, तुम्ही पान बघता. तो पत्ता बघतो."

मी थांबलो. वरच्या पट्टीतला पत्ता वाचला. त्यात माझ्या बँकेचं नाव होतं, अगदी सुरुवातीला. पण शेवटी डॉट बँक डॉट इन नव्हतं, भलतंच काहीतरी होतं. मी पान बंद केलं. बँकेच्या ॲपमधून आत गेलो, तर केवायसीचा काही प्रश्नच नव्हता. मग मात्र हात थोडे थरथरले. शिपाईमामांनी न विचारता चहा आणून ठेवला.

ऑटोफिलचं काम कसं चालतं, ते नीट समजून घ्या. तुम्ही रकान्यावर बोट ठेवता, तेव्हा फोन पासवर्ड मॅनेजरला विचारतो की या पत्त्याच्या पानावर नाव आणि पासवर्ड मागतायत, तुझ्याकडं काही आहे का? मॅनेजर आपल्या नोंदी चाळतो. पत्ता जुळला तर नाव पुढं करतो. नाही जुळला तर काहीच पुढं करत नाही. ॲपच्या बाबतीत ते ॲप कोणतं, हे तो त्याच्या अंतर्गत ओळखीवरून पाहतो. पान किती सुंदर आहे, चिन्ह किती हुबेहूब आहे, संदेशात किती घाई आहे, यातलं त्याला काही दिसत नाही. माणूस चेहऱ्यावर भुलतो. मॅनेजरला चेहरा दिसतच नाही, म्हणून तो भुलत नाही.

पत्ता वाचायचा कसा? पूर्वी पाकिटावर आपण लिहायचो तसाच तो असतो. आधी माणसाचं नाव, मग घर, मग गाव, तालुका, जिल्हा. पाकिटावर सुरुवातीला कितीही मोठं नाव लिहिलं, तरी पत्र जातं शेवटच्या गावाला. संकेतस्थळाच्या पत्त्यातही पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे शेवटचे दोन-तीन शब्द असतात, ते गाव. सुरुवातीला बँकेचं नाव कुणीही घालू शकतो.

म्हणून माझा नियम आता एवढाच आहे. ऑटोफिल गप्प बसला, की मीही थांबतो. त्याच्या गप्प बसण्याला दरवेळी चोरच कारण असतो असं नाही. पत्ता बदललेला असतो, काही बँकांची ॲप ऑटोफिलला मुद्दाम दारातच ठेवतात, कधी सेटिंग बिघडतं. पण कारण शोधायचं ते आलेल्या लिंकवरून नव्हे, आपल्या नेहमीच्या रस्त्यानं जाऊन. ॲप उघडावं, पासबुकावरच्या क्रमांकावर फोन करावा किंवा सरळ शाखेत जावं. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तिथं जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

मी हे सांगतो तेव्हा लोक एक प्रश्न हमखास विचारतात. सगळ्या किल्ल्या एका तिजोरीत, आणि तिजोरीच फुटली तर? प्रश्न रास्त आहे. २०२२ साली लास्टपास या कंपनीत चोरी झाली आणि ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरांच्या हाती गेल्या. त्यात संकेतस्थळांचे पत्ते तर उघडेच होते. पासवर्ड मात्र सांकेतिक रूपात होते आणि ते उघडायला ज्याचा त्याचा मुख्य पासवर्ड लागत होता. ज्यांचा तो आखूड किंवा आधीच कुठं वापरलेला होता, त्यांना खरा धोका. पाच असंबद्ध शब्दांचा आग्रह मी धरतो तो याचसाठी. शिवाय तिजोरीला दुहेरी पडताळणी लावून ठेवावी, म्हणजे नव्या फोनवरून कुणी आत शिरू पाहील तर मुख्य पासवर्डाबरोबर आणखी एक खूण लागेल.

दुसरी गोष्ट, सेवा बंदही पडू शकते. मायक्रोसॉफ्टनं आपल्या ऑथेंटिकेटर ॲपमधलं ऑटोफिल जुलै २०२५मध्ये थांबवलं आणि ऑगस्टपासून त्यातले साठवलेले पासवर्ड तिथं दिसेनासे झाले. तेव्हा आपली यादी बाहेर काढता येते की नाही, हे ॲप घेतानाच पाहावं. बाहेर काढलेली यादी बहुधा साध्या अक्षरांत असते, म्हणून ती नव्या जागी घातली की जुनी फाईल लगेच पुसावी.

आणि आपल्या घरांचा एक खास धोका. फोन एकाचा असला तरी तो सगळ्यांच्या हातात असतो. नातवंडांना खेळ हवा असतो, म्हणून त्यांचाही ठसा फोनला दिलेला असतो. तिजोरी बोटाच्या ठशानं उघडत असेल, तर फोनला ठाऊक असलेलं कुठलंही बोट ती उघडू शकतं. मी तपासलं तेव्हा माझ्या फोनवर चार ठसे निघाले, त्यातला एक पुतण्याचा. आता माझाच तेवढा आहे. यूपीआयचा पिन मात्र तिजोरीत ठेवू नका. तो चार-सहा आकड्यांचा असतो, डोक्यातच राहू द्या.

येत्या काळात पासवर्ड जाऊन त्याच्या जागी पासकी येईल, असं म्हणतात. ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२२ साली मिळून तसं जाहीरही केलं, आणि काही ठिकाणी ती चालू आहे. तिच्यात टाइप करायला काही नसतंच. फोनच किल्ली सांभाळतो, आपण फक्त ठसा द्यायचा. तीही त्याच मॅनेजरमध्ये राहते आणि तीही पत्ता पाहूनच पुढं येते.

आता शेवटचं. माझा एक कविमित्र होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली गेला. शेवटच्या दोन वर्षांतल्या कविता त्यानं फोनवर लिहिल्या होत्या. फोन त्याच्या बायकोकडं आहे, कुलूप मात्र त्याच्याबरोबर गेलं. वर्षभर ती बिचारी आकडे लावून पाहत होती. मग तिनं फोन त्याच्या कपड्यांबरोबर कपाटात ठेवून दिला. माझ्या कविता चोरानं नेल्या आणि त्याच्या कुलपानं अडवल्या. परिणाम एकच झाला.

म्हणून मी एक पाकीट केलं. आत एका कागदावर फोनचा पिन, मुख्य पासवर्डाचे पाच शब्द आणि दुहेरी पडताळणीचा पुनर्प्राप्ती कोड. पाकीट चिकटवून ते घराच्या कागदपत्रांच्या पेटीत, पत्नीच्या हवाली केलं. तिजोरीच्या भाषेत यालाही सोयी आहेत. गुगलमध्ये खातं बरेच दिवस निष्क्रिय राहिलं तर ते कुणाला सोपवायचं, हे आधी ठरवून ठेवता येतं. ॲपलमध्ये वारसदार नेमता येतो. बिटवॉर्डनच्या सशुल्क प्रकारात अडीअडचणीला विश्वासातल्या माणसाला आत येऊ देण्याची व्यवस्था आहे. जमेल ते करा, पण घरातल्या एका माणसाला वाट माहीत असू द्या.

पत्नीनं पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "यात काय कविता आहे?"

म्हटलं, पाच शब्द आहेत, अर्थ काही नाही. पण जपून ठेव. बाकीच्या कविता त्यांच्या मागं आहेत.